कर्णधाराचा वाटा किती?

ज्याच्याविषयी आपल्याकडे मते पुष्कळ असतात आणि विचार मात्र क्वचितच होतो, असा माणूस म्हणजे क्रिकेटचा कर्णधार. सामना जिंकला की त्याने तो 'जिंकून दिला' आणि हरला की त्याने तो 'घालवला'. या दोन क्रियापदांपलीकडे आपली समीक्षा सहसा जात नाही. कवितेविषयी असे कोणी बोलू लागले तर आपण त्याला अरसिक म्हणू. नाटक पडले म्हणजे दोष संहितेचा, नटाचा, दिग्दर्शकाचा की प्रेक्षकाचा, याची आपण निदान चर्चा तरी करतो. क्रिकेटच्या बाबतीत मात्र ती चर्चा निकाल लागताच संपते.

आमच्या नाशिकला गोल्फ क्लबचे मैदान आहे. कागदोपत्री त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तेथे रणजी सामना असला म्हणजे मी जातो, आणि खेळाइतकाच भोवतालच्या बोलण्यातही रमतो. "याला कशाला आणला आता?" "स्लिप काढायला नको होती!" "फिरकी लावायला किती उशीर!" या उद्गारांचे एक वैशिष्ट्य माझ्या ध्यानात आले आहे. ते नेहमी चेंडू सीमेपार गेल्यानंतरचे असतात. चेंडू पडण्यापूर्वी कर्णधाराने काय करावे हे सांगणारा प्रेक्षक दुर्मीळ. चेंडू पडून गेल्यावर त्याने काय करायला हवे होते हे सांगणारे मात्र भिंतीला टेकून ओळीने बसलेले असतात. वृत्तपत्रांतले समीक्षक थोड्या भारदस्त भाषेत बहुधा हेच करतात. म्हणून हा प्रश्न एकदा नीट मांडावा असे वाटते: मैदानावर उभे राहून कर्णधार जे निर्णय घेतो, त्यांचा निकालात वाटा तरी किती?

आरंभ नाशिकपासूनच करू. बापू नाडकर्णी जन्माने नाशिकचे. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत त्यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली. १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. त्या डावातली त्यांची नोंद ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी एकही नाही. हा पराक्रम बापूंचा, यात वाद नाही. पण त्यांच्या हातात चेंडू तितका वेळ ठेवण्याचा निर्णय कर्णधार पतौडींचा होता. तो शहाणपणाचा होता काय? एक म्हणेल, होता. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ गडी बाद केले, एका टोकाला कोंडलेला फलंदाज दुसऱ्या टोकाला चुकणारच. दुसरा म्हणेल, मुळीच नव्हता. सामना अनिर्णित राहिला, किंबहुना त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. धावा रोखून कसोटी जिंकता येत नाही. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे, आणि दोघांपैकी एकालाही ते सिद्ध करता येणार नाही. पुढे चार वर्षांनी, १९६८ साली, वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध याच बापूंनी याच पतौडींच्या हाताखाली एका डावात ४३ धावांत ६ गडी बाद केले, आणि भारताने परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली. गोलंदाज तोच, कर्णधार तोच. बदलले ते समोरचे फलंदाज, पायांखालची माती आणि डोक्यावरचे आभाळ.

परंतु एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधू नये. मराठी माणसाच्या मनात 'कर्णधार' हा शब्द उच्चारताच जी मूर्ती उभी राहते तिच्याकडेच वळू. अजित वाडेकर १९७१ साली कर्णधार झाले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. पतौडींसारखा कर्णधार बाजूला सारून हा शांत, अबोल माणूस वेस्ट इंडीजला निघाला, तेव्हा त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणाचीच नव्हती.

पहिली कसोटी किंग्स्टनला. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताच्या ३८७ धावांत एकट्या दिलीप सरदेसाईंच्या २१२. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यास २०० धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवस बुडाल्यामुळे हा सामना चार दिवसांचा धरला जात होता, आणि चार दिवसांच्या सामन्यात १५० पुरतात. वाडेकरांना हा नियम ठाऊक होता. त्यांनी सोबर्सला पुन्हा फलंदाजीला उतरण्यास सांगितले. भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत फॉलोऑन देण्याचा हा पहिलाच प्रसंग. मैदानावरचा निर्णय म्हणून याहून निर्दोष उदाहरण शोधून सापडणार नाही. ज्ञान, प्रसंगावधान आणि धैर्य ही तिन्ही त्यात आहेत. आणि निकाल? दुसऱ्या डावात वेस्ट इंडीजने ५ बाद ३८५ धावा केल्या. कन्हाय १५८ वर नाबाद राहिला. सामना अनिर्णित सुटला.

या फॉलोऑनने वेस्ट इंडीजचे मन खचले आणि पुढच्या विजयाचे बी तेथेच पेरले गेले, असे आपण सांगत आलो आहोत. ते खरेही असेल. पण हे विधान कसे तपासावे हे मला कोणी सांगितलेले नाही. खचलेल्या मनाने कोणी ३८५ धावा करीत नाही, असेही म्हणता येतेच.

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची. तिसऱ्या दिवसअखेर दुसऱ्या डावात वेस्ट इंडीज एक गडी गमावून १५०. दुसऱ्या दिवशी सकाळी नाबाद असलेला डेव्हिस सरावाच्या वेळी चेंडू लागून जायबंदी झाला, आणि त्याला डाव पुढे चालू करता आला नाही; तो परतला तो बऱ्याच गड्यांच्या पडझडीनंतर. दुसरा नाबाद फलंदाज फ्रेडरिक्स धावचीत झाला. मग वाडेकरांनी सलीम दुराणींच्या हाती चेंडू दिला. दुराणींनी लॉइडला वाडेकरांकडेच झेल द्यायला लावला आणि सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला. भारत सात गडी राखून जिंकला, आणि त्या एका विजयावर मालिकाही. दुराणींना आणण्याचा निर्णय आपल्या स्मरणात कोरला गेला आहे. डेव्हिसला लागलेला चेंडू मात्र कोणाच्या स्मरणात नाही. सरावाच्या जाळ्यातला तो चेंडू कोणत्याही कर्णधाराच्या योजनेत नव्हता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओव्हलला चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी बाद केले, इंग्लंड १०१ मध्ये कोसळले आणि चार गडी राखून भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. सोलकरला फलंदाजाच्या नाकासमोर, शॉर्ट लेगला, उभे करणे हा कर्णधाराचा निर्णय. पण नॉटचा तो झेल जमिनीलगत झेपावून टिपणे हे सोलकरचे काम. आणि जेमसन बाद झाला तो कसा? फलंदाजाने सरळ मारलेला चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला आणि पलीकडच्या टोकाला पुढे सरकलेला जेमसन धावचीत झाला. तो योगायोगच. शिवाय ओव्हलपूर्वीच्या दोन कसोट्या पावसाने अर्धवट संपवल्या होत्या. लॉर्ड्सला भारताला विजयासाठी ३८ धावा हव्या होत्या आणि दोनच गडी शिल्लक होते. मँचेस्टरला ४२० च्या पाठलागात ३ बाद ६५ अशी अवस्था होती. तेथे आणखी एक दिवस ऊन पडले असते तर ओव्हलच्या विजयाला मालिकाविजयाचे मोल आले असते का?

वाडेकरांचे कर्तृत्व मला उणे करायचे नाही. त्या कर्तृत्वाचा हिशेब आपण कसा मांडतो ते पाहायचे आहे. कारण तीनच वर्षांनी तो हिशेब उलटा फिरला. १९७४ च्या जूनमध्ये, त्याच इंग्लंडमध्ये, तोच कर्णधार आणि पुष्कळसे तेच खेळाडू घेऊन गेलेला संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत सर्वबाद झाला. मालिका ३-० अशी गेली. आता मला सांगा, ४२ धावांच्या त्या डावात कर्णधाराने कोणता निर्णय चुकीचा घेतला? ओल्या, ढगाळ हवेत आर्नल्ड आणि ओल्ड यांचे चेंडू फिरत होते, आणि आपले फलंदाज एकामागून एक तंबूत परतत होते. सतरा षटकांत आटोपलेल्या डावात फलंदाजी करणाऱ्या बाजूच्या कर्णधाराला निर्णय घ्यायला वाव तरी कोठे असतो? परंतु इंदूरला १९७१ च्या विजयाची खूण म्हणून काँक्रीटची जी भलीमोठी बॅट उभारली होती, तिला लोकांनी डांबर फासले. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले, आणि तेहतिशीत असलेल्या या माणसाने खेळातून निवृत्ती पत्करली. १९७१ चे सारे श्रेय त्यांना दिले होते, म्हणून १९७४ चा सारा दोषही त्यांनाच द्यावा लागला. अतिश्रेय देणारी समीक्षा उद्याच्या अन्यायाची तयारी करीत असते.

कर्णधार म्हणून वाडेकरांच्या १६ कसोट्या झाल्या: चार जिंकल्या, चार हरल्या, आठ अनिर्णित. या आकड्यांतून कर्णधाराचा 'वाटा' काढून दाखवणारा गणिती मला भेटलेला नाही. सोळा वेळा नाणे उडवूनही कोणी नाण्याच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढीत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. माइक ब्रिअर्लीचे काय? १९८१ साली इयान बोथम १२ कसोट्यांत कर्णधार राहून एकही जिंकू शकला नव्हता. तो बाजूला झाला, ब्रिअर्ली परत आला, आणि लीड्सच्या कसोटीत फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला १८ धावांनी हरवले. त्याच बोथमने नाबाद १४९ धावा केल्या. विलिसने ४३ धावांत ८ गडी बाद केले. विलिसला चढाच्या टोकावरून काढून उताराच्या टोकाला ब्रिअर्लीने आणले, आणि सामना फिरला. हा ब्रिअर्ली फलंदाज म्हणून सामान्य. कसोटीतली त्याची सरासरी २३ च्याही खाली. पण कर्णधार म्हणून ३१ कसोट्यांत १८ विजय आणि चारच पराभव. कर्णधाराला काही वाटा नसता तर असा माणूस संघात राहिलाच नसता.

आक्षेप मला मान्य आहे, पण तो काय सिद्ध करतो ते बारकाईने पाहिले पाहिजे. विलिसचे टोक बदलणे हा मैदानावरचा निर्णय, आणि तो उत्तम होता. परंतु बोथमच्या १४९ धावांत मैदानावरचा निर्णय कोणता? तेथे ब्रिअर्लीने काही केले असेल तर ते त्या माणसावरचे ओझे उतरवणे. ही गोष्ट क्षेत्ररचनेत दिसत नाही, धावफलकावर उमटत नाही, आणि ती सामन्याच्या आधीच घडून गेलेली असते. कर्णधाराचा मोठा वाटा असलाच तर तो येथे आहे: कोणाला निवडले, कोणावर विश्वास टाकला, पडत्या काळात कोणाला जवळ केले. आपण मात्र टाळ्या वाजवतो आणि दगड मारतो ते 'स्लिप काढली' आणि 'गोलंदाज बदलला' यांवर.

खुद्द निर्णयानेच निकाल लागल्याचे निर्विवाद उदाहरण मागाल तर ते आपल्या पुण्यातच आहे. डिसेंबर १९४८. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर. तेवढ्यात काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. त्या निर्णयाने सामन्याचाही निकाल लावला आणि विक्रमाचाही! एक तत्त्व मात्र यातून हाती लागते. कर्णधाराला सामना जिंकून देणे जितके अवघड, तितके तो बिघडवणे सोपे आहे. मैदानावरच्या त्याच्या शहाणपणाचे बहुतेक चीज चूक न करण्यातच होते, आणि न केलेली चूक कोणाला दिसत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत बेसबॉलच्या संदर्भात फार कसून तपासला गेला आहे. तेथे निर्णय घेणारा 'मॅनेजर' स्वतः खेळत नाही, कडेला बसून माणसे बदलतो. आणि एका मोसमात एकेक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे मोजायला सामग्री भरपूर. तेथल्या हिशेबनिसांचे म्हणणे असे की, फलंदाजांचा क्रम रूढ पद्धतीने लावला काय आणि गणिताने काढलेला सर्वोत्तम लावला काय, साऱ्या मोसमात एखाद्या-दुसऱ्या विजयाचाच फरक पडतो. १६२ सामन्यांत एक! तरीही २००३ साली बॉस्टनच्या संघाचा मॅनेजर ग्रेडी लिटल याची नोकरी एका निर्णयापायी गेली. न्यूयॉर्कविरुद्ध शेवटच्या, निर्णायक सामन्यात ५-२ अशी आघाडी असताना शंभराहून अधिक चेंडू टाकून दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला त्याने आठव्या डावातही तसाच ठेवला. आघाडी गेली, आणि अखेर सामनाही. इंदूरच्या डांबराला तेथेही भाऊबंद आहेत, एवढे खरे.

आता अलीकडचे एक उदाहरण, कारण त्यात योगायोगाने प्रयोगशाळेची मांडणी तयार झाली. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला विराट कोहलीच्या नेतृत्वाखालचा भारतीय संघ दुसऱ्या डावात ३६ धावांत बाद झाला आणि हरला. कोहली मायदेशी परतला, शमी जायबंदी झाला, आणि आठवडाभरात मेलबर्नला अजिंक्य रहाणे कर्णधार म्हणून उभे राहिले. रहाणे नाशिकच्या शेजारचे, संगमनेर तालुक्यातले. तेव्हा आम्हाला त्यांचे विशेष अप्रूप. पहिल्याच सकाळी त्यांनी अश्विनला लवकर आणले; पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सिराजला जेवणाच्या सुटीपर्यंत चेंडूच दिला नाही; स्मिथसाठी पायांमागे पुजाराला उभे केले आणि स्मिथ तेथेच झेल देऊन शून्यावर परतला. ऑस्ट्रेलिया सर्वबाद १९५. साऱ्या जगाने रहाणे यांच्या कल्पकतेचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते.

पण ॲडलेडला पहिल्या डावात ऑस्ट्रेलियाच्या धावा किती होत्या? १९१. म्हणजे हरलेल्या सामन्यात कोहलीने चार धावा कमीच दिल्या होत्या! गोलंदाजीचे बदल आणि क्षेत्ररचना यांचे फळ दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखेच. फरक पडला तो ३६ या आकड्याने आणि मेलबर्नला रहाणे यांनी स्वतः काढलेल्या ११२ धावांनी. मेलबर्न जिंकले ते रहाणे यांच्या डोक्याने की बॅटीने, असे कोणी विचारले तर मी तरी बॅटीचे पारडे जड मानीन.

मग कर्णधाराची समीक्षा करूच नये काय? मला तसे मुळीच वाटत नाही. उलट, वाटा लहान आहे म्हणूनच समीक्षा अधिक काटेकोर हवी. सामन्याचा निकाल पुष्कळ गोष्टी मिळून घडवतात. पाऊस, माती, नाणे, दुखापत, चेंडूचा एखादा वेडावाकडा उसळा, अकरा माणसांचे कसब. त्यांच्यावर कोणाचा तितका ताबा नसतो. या साऱ्या घडामोडीत 'असे करावे की तसे' असा विचार करून केलेली गोष्ट फार थोडी असते, आणि त्यातली बरीचशी कर्णधाराची असते. पावसाची समीक्षा करता येत नाही. निर्णयाची करता येते. मात्र ती निकालाच्या उजेडात करायची नाही. निर्णय घेताना त्याला काय ठाऊक होते, समोर दुसरे मार्ग कोणते होते, आणि त्याने काय पणाला लावले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधून ती केली पाहिजे.

या कसोटीवर किंग्स्टनचा फॉलोऑन पूर्ण गुण मिळवतो, सामना अनिर्णित सुटला तरी. पतौडींनी मद्रासला बापूंना इतका वेळ ठेवले यावर मतभेद राहील, आणि तो आकड्यांनी मिटणारा नाही. कर्णधाराला त्या दिवशी सामना जिंकायचा होता की न हरणे पुरेसे वाटत होते, यावर तो अवलंबून आहे. दमलेल्या मार्टिनेझला ठेवण्याचा ग्रेडी लिटलचा निर्णय चुकीचाच ठरतो, आणि बॉस्टन तो सामना जिंकले असते तरीही चुकीचाच ठरला असता. ४२ धावांच्या डावाबद्दल वाडेकरांवर मात्र कोणताच आरोप ठेवता येत नाही, कारण तेथे त्यांचा असा निर्णयच नव्हता.

अजित वाडेकर १५ ऑगस्ट २०१८ रोजी गेले. सर्वत्र १९७१ चे स्मरण झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्या स्मरणात किंग्स्टनच्या त्या अनिर्णित सामन्याला मी पहिली जागा देईन. पोर्ट ऑफ स्पेन आणि ओव्हल हे अकरा जणांचे, दैवाचे आणि आभाळाचेही विजय आहेत. किंग्स्टनला चौकटीतला नियम नीट वाचून, समोर सोबर्ससारखा माणूस उभा असताना, 'पुन्हा खेळा' म्हणणारा आवाज एकट्या वाडेकरांचा होता. त्यातून काहीही हाती आले नाही, म्हणूनच तो निखळ त्यांचा आहे.